हातभर अंतर

आमच्या घरात रापी माझ्यापासून हातभर लांब असते.
बाकी सगळं जवळ.
ठोकळा, भिजत घातलेलं कातडं,
बाभळीच्या सालीचा अंगात मुरलेला वास,
आणि फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्यामागं
फॅक्टर आठच्या बाटल्या.

चार वर्षांचा असताना ओठ फुटला,
तीन दिवस थांबेना.
डॉक्टरांच्या आधी आईनं ओळखलं.
तिचा भाऊ, परशुमामा, निपाणीला दाढ काढायला गेला होता,
त्याचा फोटो ती अजून पदरानं पुसते
आणि तेवढा वेळ माझ्याकडं बघत नाही.

‘माझ्याकडनं आलं रं तुला.’
यावर मला कित्येक वर्षं बोलता आलं नाही.
परवा म्हटलं, वेणी घालायचंही तुझ्याकडनंच आलं की.
‘उगं बस,’ म्हणाली.
चहात साखर दोनदा पडली त्या दिवशी.

सुभाषनगरातली पोरं तालमीत जायची,
कानात, केसांत तांबडी माती घेऊन परत यायची.
मला ती माती बोटाला लावून बघायची परवानगी होती.
मी घरात बसून कातड्याच्या तीन बारीक वाद्या
एकीवरून एक, एकीखालून एक.
हे बायकांचं काम, असं एक गिऱ्हाईक हसत म्हणालं.
अप्पांनी त्याला त्या दिवशी
एक रुपया कमी केला नाही.

दवाखान्यात शनिवारी शिरगुप्पे मॅडम येतात.
डोळे मिटा, म्हणाल्या, श्वास बघा,
मन आत्ताच्या क्षणात आणा.
मला हसू आलं.
मॅडम, मी आत्तातनं बाहेर पडलोय कधी?
जिन्याची एकेक पायरी मला तोंडपाठ आहे.
सांध्यात रक्त उतरायच्या आधी
एक कोमट मुंगी चालते आतून,
ती मला झोपेतही कळते.

त्या गप्प राहिल्या थोडा वेळ.
मग विचारलं,
‘आणि दुखत नसतं तेव्हा कुठं असता?’

रिक्षात बसलो, दसरा चौक गेला,
उत्तर काही सापडलं नाही.
दुखऱ्या गुडघ्याची तीस वर्षांची वही आहे माझ्याकडं.
गप्प गुडघ्याचं एक पान नाही.

आता लिहितो.
सोमवार: काही नाही. ऊन मांडीपर्यंत आलं.
बुधवार: काही नाही. शेजारी कुणीतरी मटणाला फोडणी दिली.
गुरुवारी रात्री मुंगी.
बर्फ, उशीवर पाय, दिवा जवळ,
शीर शोधायची, सुई, सावकाश.

अशा वेळी भीती येतेच.
दारात उभी राहते, मी आधी तिच्या पायताणाकडं बघतो,
धंद्याची खोड.
टाच आतल्या अंगानं झिजलेली.
म्हणजे हीसुद्धा लंगडतच आलीय इथवर.
बस म्हणतो. ती बसते.
कधी पहाटेपर्यंत बसते, खोटं कशाला बोलू,
आणि मी रडतोही, तोंडात टॉवेल धरून,
आईला ऐकू जाऊ नये म्हणून.
सकाळी आई तो टॉवेल न बोलता धुवायला टाकते.

काल कागलचा एक नवरदेव आला.
वाजणारं पायताण पाहिजे, म्हणाला, कर्रकर्र,
मांडवात शिरलो की कळलं पाहिजे.
अप्पा म्हणाले, विंचू घालून देतो तळात.
मी माप घ्यायला उठलो
आणि माझा डावा गुडघा बोलला: कर्र.
नवरदेव दचकला.
‘ह्याच्यात कुणी घातला विंचू?’
अप्पांनी माझ्याकडं बघितलं,
मी अप्पांकडं,
आणि मग तिघंही असे हसलो
की ठोकळ्यावरची रापी घरंगळली,
माझ्या पायापासून चार बोटांवर थांबली.

आतून आई ओरडली,
‘काय झालं रं?’

या घरात ‘काही नाही’ म्हटलं
की आई बर्फ काढायला धावते.

‘काही नाही,’ म्हणालो.
ती आली, बघितलं,
रापी उचलून बाजूला ठेवली.
यावेळी अंतर मोजलं नाही तिनं.